सणाचा पैसा वेगळा, बोनसचा पैसा वेगळा

अक्का, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या वडगावची. घरात आम्ही पाच माणसं. हे उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, हातात साडेएकोणीस हजार येतात. मी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिको करते, त्याचे महिन्याला चार-साडेचार हजार होतात. सणाच्या दिवसांत दुप्पट होतात, पण ते कुठं जातात कळत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले तर आले. मुलगी यंदा दहावीला आहे, मुलगा सातवीत. तिला पीयुसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचंय. कॉलेज आणि क्लास धरून जूनमध्ये चाळीस हजार तरी लागतील असं सगळे सांगतात.

दोन वर्षांपूर्वी सासरच्या गावी लक्ष्मीची यात्रा झाली. तेव्हा माझ्या पाटल्या सोसायटीत ठेवून साठ हजार काढले. महिन्याला सहाशे व्याज भरतो, पाटल्या अजून तिथंच आहेत. गेल्या वर्षी दिवाळीआधी महिला गटातून चाळीस हजार घेतले, चोवीस टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी, हप्ता एकवीसशे. दसऱ्याला फ्रीज घेतला, त्याचा साडेअठराशेचा हप्ता सप्टेंबरात संपतो. बोनस अठरा हजार मिळाला होता, तो चार दिवसांत संपला. सणाला सगळे मिळून पंचवीसेक हजार गेले असतील. जेवढं आठवलं तेवढं पत्राच्या मागे लिहिलंय.

सणात जरा हात आखडूया म्हटलं की हे म्हणतात, 'वर्षाचा सण, पोरांना नाही म्हणायचं काय?' सासूबाई म्हणतात, 'गल्लीत काय तोंड दाखवायचं?' दोन नणंदा भाऊबीजेला येतात, एक गडहिंग्लजहून, एक खानापूरहून. मी काही बोलले की माझ्याच अंगावर येतं. श्रावण तोंडावर आलाय आणि मला आतापासूनच झोप नाही. काय करू सांगा.

— एक वाचक, वडगाव

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे आहेत, यासाठी आधी तुमचं कौतुक करते. पैशाच्या काळजीनं लिहिणाऱ्या बऱ्याच जणी कर्जाची रक्कमसुद्धा सांगायला लाजतात, आणि मग 'काटकसर करा' यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. तुम्ही सगळं उघडं लिहिलंत म्हणून मलाही नेमकं बोलता येईल.

पत्रामागची तुमची यादी मी दोनदा बेरीज करून पाहिली. गणपतीची मूर्ती, मखर आणि लायटिंग ६,५००. गौर, गणपतीची जेवणं आणि उंदरीचं (गणपतीतल्या सामिष जेवणाच्या दिवसाचं) मटण ५,५००. मंडळाची वर्गणी १,०००. दसरा १,५००. फराळ ४,०००. पाच जणांचे कपडे १२,०००. दोन्ही नणंदांच्या साड्या आणि त्यांच्या मुलांचं ७,५००. फटाके २,५००. बेरीज येते ४०,५००. तुम्हाला वाटलं होतं पंचवीसेक हजार, आणि ही तर नुसती आठवलेली यादी. फ्रीज यात नाही.

यात मला उधळपट्टी दिसत नाही. पाच माणसांच्या कष्टाच्या घरात सण होतात तसेच तुमच्याकडे झाले. पण बोनस अठरा हजार आणि खर्च साडेचाळीस, म्हणजे वरचे २२,५०० कुठून आले? गटाच्या चाळीस हजारांतून. एकवीसशेचे चोवीस हप्ते म्हणजे ५०,४०० होतात. चाळीस हजारांवर १०,४०० रुपये व्याज. गेल्या दिवाळीचे पैसे तुम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत, आणि तिच्यानंतरही वर्षभर फेडत राहणार आहात. झोप जाते ती इथं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. बोनस हा सणाचा पैसा आहे ही समजूत घरातून काढून टाका. तो दिवाळीच्या तोंडावर मिळतो म्हणून आपण त्याला दिवाळीचा म्हणतो, एवढंच. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढं किमान बोनस ८.३३ टक्के झाला आणि नव्या वेतन संहितेतही तोच आकडा आहे. ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ बारावा हिस्सा. तुमच्या यजमानांनी वर्षभर भट्टीच्या धगीपुढं उभं राहून केलेल्या कामाचा हा पैसा आहे. वर्षभराच्या घामाचा पैसा चार दिवसांत का संपावा? तो वर्षभराच्या ओझ्यालाच लागला पाहिजे, म्हणजे कर्जाला आणि मुलीच्या शिक्षणाला.

मग सण कशावर करायचा, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते एका ओळीत सोडून दिलंय. सणाच्या दिवसांत तुमची शिलाई दुप्पट होते. सण तुम्हाला चार महिने जादा काम देतो. श्रावणातल्या पूजा, गौरी, नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचे ब्लाऊज. हा पैसा कुठं जातो ते कळत नाही, कारण तो सुट्टा येतो. कुणी दीडशे देतं, कुणी तीनशे, आणि तो भाजीत, रिचार्जमध्ये, पोरांच्या वहीत जिरतो. सण ज्या कमाईवर करायचा ती हीच कमाई. ती तुमची आहे, तिच्यावर तुमचा शब्द चालतो, आणि यजमानांच्या बोनसला हात न लावता ती सणाला बरीच पुरते.

हिशेब मांडते. गणपती सप्टेंबरच्या मध्याला आणि दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला धरली आहे. जुलैत शिलाईतले जादाचे २,००० बाजूला पडतील. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरात दरमहा ४,०००. पगारातून जुलै ते ऑक्टोबर दरमहा १,५००, पगार झाला त्याच दिवशी काढायचे, महिनाअखेर उरतील ते नव्हे. फ्रीजचा हप्ता सप्टेंबरात संपला की ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे १,८५० तसेच बाजूला ठेवायचे, कारण ते द्यायची सवय घराला आधीच झालेली आहे. गणपतीच्या आधी तुमच्या हातात ९,००० जमतात. त्यानंतर दिवाळीपर्यंत आणखी १४,७००. एकूण २३,७००.

यंदाचा सण याच पैशात, चोवीस हजारांत बसवा. गणपती ९,०००, दसरा १,०००, दिवाळी १४,०००. तीनशे कमी पडतात, तेवढे तुम्ही जुळवाल.

हे पैसे घरातल्या डब्यात ठेवू नका. शिलाईचा पैसा रोज थोडा थोडा येतो, तेव्हा पिग्मी, म्हणजे एजंट रोज घरी येऊन थोडे थोडे पैसे घेऊन जातो ती ठेव, तुम्हाला सोयीची. पिग्मीची कल्पना आपल्याच राज्यातली, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. सिंडिकेट बँक १९२५ साली उडुपीत उभी राहिली ती हातमागाच्या अडचणीत सापडलेल्या विणकरांना हात द्यायला, आणि १९२८ मध्ये तिनं घरोघर जाऊन रोजचे दोन आणेसुद्धा गोळा करायला सुरुवात केली. वडगाव, शहापूर आणि खासबागेतल्या मागवाल्यांच्या गल्ल्यांत पिग्मीवाला घरचा माणूस होऊन बसला तो काही उगीच नाही. पण दोन गोष्टी विचारून घ्या. मुदतीआधी पैसे काढले तर किती कापतात, आणि एजंटनं घेतलेला पैसा त्याच दिवशी खात्यावर दिसतो का. पुस्तकात नोंद किंवा मोबाईलवर मेसेज आल्याशिवाय पैसे भरले असं समजू नका, एजंट कितीही ओळखीचा असू दे.

पिग्मी बँकेतच लावा. कोणत्याही बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. क्रेडिट सोसायट्यांना आणि सौहार्द संस्थांना (त्याही सहकारीच) ते नसतं. आपल्या भागात सोसायटी बुडाल्यावर माणसं कशा फेऱ्या मारतात ते तुम्ही पाहिलंय. मुलीच्या फीचा पैसा तिथं नको. भिशीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ओळखीच्या बायकांची लहान भिशी असेल आणि आधीपासून चालू असेल तर चालू द्या, पण सणाच्या पैशासाठी नवी धरू नका. नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि गणपती काही थांबत नाही.

आता घरातल्या माणसांकडे येते. खरं अवघड काम हेच आहे.

सासूबाईंना आधी सांगा, आणि सांगताना गणपतीचे नऊ हजार त्यांच्या हातात द्या. खरोखर द्या, नोटा मोजून. मूर्ती अडीच हजारांची घ्यायची की दोनची, गौरीच्या जेवणाला कुणाला बोलवायचं, उंदरीला मटण किती आणायचं, हे त्या ठरवतील. माझा अंदाज सांगते. मूर्ती २,५००, सजावटीचं किरकोळ ५००, जेवणं आणि उंदरी मिळून ४,५००, वर्गणी १,०००, वरखर्च ५००. मखर आणि लायटिंगच्या माळा गेल्या वर्षीच्याच. पण ही माझी यादी त्यांच्यापुढं ठेवू नका. ज्या बाईनं कमी पैशात उभी हयात सण केले, तिला नऊ हजारांत गणपती कसा करायचा ते कुणी शिकवायला नको. 'गल्लीत काय तोंड दाखवायचं' असं माणूस म्हणतं ते घराच्या इभ्रतीची जबाबदारी आपल्यावर आहे असं वाटतं तेव्हा. जबाबदारी त्यांच्यावर आहेच, तर पैसाही त्यांच्याकडे असू दे. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसांच्या हातात पैसा दिला की ती आपल्यापेक्षा जपून खर्च करतात.

यजमानांशी बोलायला शिफ्टवरून आल्यावरची वेळ नको, आणि सण आठ दिवसांवर आल्यावरही नको. मंडळाच्या बैठका सुरू व्हायच्या आधीचा एखादा रविवार पाहा. एकदा मांडवाचं काम सुरू झालं की आपल्याकडची माणसं अनंत चतुर्दशीपर्यंत घरची उरत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मंडळातला वरखर्चही तेव्हाच ठरवून घ्या. वर्गणी हजार, ठीक. पण पोरांना चहा-नाश्ता, टी-शर्ट, मिरवणुकीच्या रात्रीचं खाणं, हा पैसा कुठल्याच यादीत येत नाही. त्यांना विचारा, याला किती लागतील? ते जो आकडा सांगतील तो लिहून घ्या आणि त्यावर वाद घालू नका. माणसानं स्वतः सांगितलेला आकडा तो बराचसा पाळतो.

बोलताना यादी त्यांच्या हातात द्या आणि ४०,५०० ही बेरीज त्यांनाच करू द्या. 'तुम्ही खर्च केलात' असा शब्द येऊ देऊ नका, कारण खर्च सगळ्यांनी मिळून केलाय. नंतर एवढंच सांगा की सणाचे बरेचसे पैसे मी शिलाईतून जमवते, पोरांना काही कमी पडणार नाही, मात्र बोनसला यंदा हात लावायचा नाही. ते 'पोरांना नाही म्हणायचं काय' असं म्हणतात, त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. दिवसभर उष्णतेत राबणाऱ्या बापाला दिवाळीत पोरांच्या अंगावर नवे कपडे बघायचे असतात, आणि ते त्यांना दिसले पाहिजेत. म्हणून दिवाळीच्या चौदा हजारांत कपड्यांना ५,००० ठेवलेत. दोन्ही मुलांना आणि सासूबाईंना. तुम्ही दोघांनी यंदा थांबा. फराळ ३,५००, भाऊबीज ४,०००, फटाके १,०००, पणत्या, उटणं आणि पूजेचं ५००. फराळ घरीच होतो तुमच्याकडे, तेव्हा साडेतीन हजार पुरतील. खोबरं, रवा, डाळी एकदम दिवाळीच्या आठवड्यात न घेता नवरात्र झाल्यावर थोडं थोडं भरा. कपड्यांसाठी गणपत गल्लीत शेवटच्या शनिवार-रविवारी जाऊ नका. त्या गर्दीत भाव करायला उभं राहता येत नाही आणि मुलं दमून पहिलं दिसेल ते घेऊन मोकळी होतात.

मुलीबद्दल एक कळकळीचं सांगणं आहे. जमाखर्चाची वही तिला लिहू द्या, तिचा हिशेब चांगला असेल. पण 'तुझ्या कॉलेजसाठी यंदा दिवाळी कमी केली' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. सासूबाईंच्याही नाही. दहावीच्या वर्षात पोरींच्या मनावर आधीच ओझं असतं. त्यात घरच्यांच्या नव्या कपड्यांचं ओझं नको.

नणंदांचं. गेल्या वर्षी भाऊबीजेला साडेसात हजार गेले, यंदा मी चार हजार लिहिलेत. दीड-दीड हजारांच्या दोन साड्या आणि त्यांच्या मुलांना हजार. शहापूरच्या खडेबाजारात आणि मागवाल्यांच्या घरातून थेट घेतलीत तर दीड हजारांत चांगली साडी मिळते, हे तुम्ही वडगावात राहून जाणताच. याहून कमी करू नका. सणातलं बाकी काहीही कापा, पण भावाच्या घरातून लेक रिकाम्या मनानं जाता कामा नये. गडहिंग्लजच्या नणंदेला तिकडं लाडकी बहीणचे दीड हजार येत असतील, तुम्हाला इकडं गृहलक्ष्मीचे दोन हजार, आणि दोघींना महिनाअखेर कशी जाते ते माहीत आहे. नवरात्राच्या सुमाराला दोघींना फोन करून मोकळेपणानं सांगा की मुलीच्या पीयुसीची तयारी चाललीय, यंदा दोन्हीकडून साधंच करूया. मला खात्री वाटते की त्यांनाही हायसं वाटेल. त्याही तुमच्या मुलांसाठी काहीतरी आणायची ओढाताण करतच असतील. जाताना पाव-पाव किलो कुंदा द्या बांधून.

बोनस आला की काय करायचं ते आता. तो पगाराच्या खात्यावर येत असेल तर त्याच आठवड्यात गटाचं कर्ज फेडायला वापरा. दिवाळीनंतर तुमचे अकरा हप्ते उरतील. एकवीसशेप्रमाणे ते २३,१०० होतात, पण त्या दिवशीची खरी बाकी साधारण साडेवीस हजार असेल, कारण पुढच्या महिन्यांचं व्याज अजून लागलेलं नसतं. अठरा हजार एकदम भरलेत तर डिसेंबरात एक हप्ता आणि जानेवारीत पाच-सहाशे रुपये एवढंच उरतं. दोन हजारांच्या वर व्याज वाचतं आणि नऊ महिने आधी मान मोकळी होते.

तुम्ही म्हणाल, बोनस सरळ फीसाठीच बाजूला ठेवला तर? ठेवता येईल, पण दिवाळीपासून जूनपर्यंत अठरा हजार रुपये घरात न हलता राहतील याचा मला भरवसा नाही, आणि चोवीस टक्के व्याज देणारी ठेव आपल्याकडं कुठल्याच बँकेत नाही. आधी चोवीस टक्क्यांचं कर्ज बंद करा.

गटाचं कर्ज ज्या फायनान्सकडचं आहे त्यांच्या माणसाला तीन प्रश्न विचारा. आजची बाकी किती, एकरकमी भरलं तर हप्ते कमी करून देता का, आणि नंतर बाकी शून्य झाल्याचा कागद कधी देता. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला विनातारण दिलेल्या अशा कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, हाही नियमच आहे. आपल्याकडं बायका कानडी किंवा इंग्रजी कागदावर सह्या करतात आणि वर काय लिहिलंय ते एजंट सांगेल तेच खरं मानतात. तुम्ही विचारा, संकोच करू नका. हप्त्यासाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करणं, दमदाटी करणं यालाही मनाई आहे. २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनं सक्तीच्या वसुलीविरुद्ध वेगळा कायदाच केला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तुमच्यावर अशी वेळ आलेली नाही आणि येऊ नये, पण गटातल्या बाकीच्या बायकांनाही हे सांगून ठेवा.

कर्ज संपत आलं की गटातून 'ताई, नवं मंजूर झालंय, साठ हजार घ्या' असं येईलच. ते घेऊ नका. दसऱ्याच्या ऑफरमध्ये 'बिनव्याजी हप्ता' म्हणून काही घेऊ नका. तिथं रोखीवर मिळणारी सूट आपल्याला मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी पडतो, म्हणजे व्याज दुसऱ्या नावानं दिलेलंच असतं. मोबाईलवरच्या पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे तर बघूसुद्धा नका.

पीयुसीचे चाळीस हजार कसे होतात ते पाहा. डिसेंबरपासून फ्रीजचे १,८५० मोकळे. जानेवारीत गटाच्या हप्त्यातले पंधराशेच्या आसपास मोकळे, फेब्रुवारीपासून पूर्ण एकवीसशे. मे अखेरपर्यंत हे सगळे मिळून एकवीस हजार होतात. पगारातले १,५०० तसेच चालू ठेवलेत तर सहा महिन्यांचे नऊ हजार. तीस हजार झाले. उरलेले दहा हजार गृहलक्ष्मीतून. डिसेंबर ते मे सगळे हप्ते वेळेवर आले तर बारा हजार होतात. हे हप्ते कधी मागेपुढे होतात, दोन-तीन एकदम येतात, म्हणून मी ते घरखर्चात धरायला कधीच सांगत नाही. येतील तसे मुलीच्या नावानं बाजूला टाकायचे. यासाठी सहा महिन्यांचं आवर्ती खातं बँकेत डिसेंबरातच काढा. पोस्टाचं काढू नका, ते पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. शिवाय चाळीस हजार हा आकडा 'सगळे सांगतात' म्हणून धरू नका. शहरात सरकारी पीयु कॉलेज आहेत, अनुदानित आहेत, खासगी आहेत, आणि फीमध्ये मोठा फरक आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही आणि यजमान एक दिवस काढून तीन-चार ठिकाणी समक्ष चौकशी करा. क्लास खरोखर हवा का, की कॉलेजमध्येच पुरेसं शिकवतात, हे आता तिथं शिकणाऱ्या मुलींनाच विचारा. त्या खरं सांगतात.

खानापूर, उचगाव, बेळगुंदी या बाजूच्या शेतकरी घरांसाठी एक शब्द, कारण त्यांचा हिशेब वेगळा पडतो. तिकडं भाताची सुगी दिवाळीनंतर हाताशी येते आणि खर्च आधी होतो, म्हणून दुकानात उधारीचं खातं वाढतं. त्यांनी सुगीचा पैसा आला की आधीच्या उधारीबरोबर पुढच्या गणपतीचे पैसेही त्याच दिवशी बँकेत टाकावेत. सण आणि पीक यांची गाठ पडत नाही, ती आपणच घालायला हवी.

आता पाटल्या. लक्ष्मीची यात्रा गावात कितीतरी वर्षांनी येते. घर रंगवायचं, लेकी-जावयांना बोलवायचं, पाहुण्यांच्या पंगती उठवायच्या, त्यात मागं राहणं कुणालाच जमत नाही. तेव्हा ठेवल्या त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. पण दोन वर्षांत तुम्ही १४,४०० रुपये व्याज भरलंत आणि मुद्दल साठ हजारांवर एक रुपयाही कमी झालेलं नाही, हे मात्र थांबवायला हवं. आतापासून दिवाळीपर्यंत गृहलक्ष्मीचे जे हप्ते येतील ते सगळे सोसायटीत मुद्दलात भरा. व्याजात नाही, मुद्दलात, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. दसऱ्याला सोनं घ्यायची आपली रीत आहे. यंदा सोनाराकडं न जाता खंडेनवमीच्या आधी दोन हजार मुद्दलात भरून या. खंडेनवमीला तुमच्या शिलाई मशीनची पूजा होईलच, तिच्यापुढं ती पावती ठेवलीत तरी चालेल. पुढच्या जूनमध्ये फी भरून झाली की मोकळे झालेले जवळपास चार हजार आणि हे दोन हजार दरमहा याच कर्जाला लावा. वर्षभरात, फार तर दीड वर्षाच्या आत पाटल्या सुटतील.

सोसायटीत पुढच्या वेळी व्याज भरायला जाल तेव्हा मूळ पावती घेऊन जा. तिच्यावर दोन्ही पाटल्यांचं वजन नीट लिहिलंय का पाहा, कर्जाचं नूतनीकरण कोणत्या तारखेला करायचं ते विचारा, आणि निम्मं मुद्दल भरल्यावर दोन्हींपैकी एक पाटली आधी सोडून देतात का तेही विचारून ठेवा. नूतनीकरणाची तारीख दिवाळीच्या आसपास पडत असेल तर मला पुन्हा लिहा, मग बोनसची वाटणी थोडी वेगळी करावी लागेल.

तुमची,
अक्का